अतिवास्तव म्हणजे ‘फारच खरं’ का?

प्रश्न असा आहे : ‘एका कथासंग्रहाबद्दल लिहिताना मी त्यातल्या कथांना अतिवास्तव म्हटलं. एका कथेत घराच्या जिन्याची रोज रात्री एक पायरी कमी होते. घरात कुणी त्यावर चकार शब्द काढत नाही. आजी तर म्हणते, गुडघ्यांना बरं पडतं. माझं लिखाण वाचून मैत्रिणीने विचारलं, अतिवास्तव म्हणजे फारच वास्तव ना, मग जिना कसा आटतो? इंग्रजी “सररिअल”साठी दुसरा शब्द सुचवाल का? “अद्भुत” चालेल?’

मैत्रिणीची शंका रास्त आहे आणि तिचं मूळ ‘अति’मध्ये आहे. हा उपसर्ग दोन कामं करतो. अतिवृष्टी, अतिसार, अतिखर्च यांत तो प्रमाण ओलांडल्याचं सांगतो. अतींद्रिय, अतिमानुष यांत मात्र ‘पलीकडचं’ असं सांगतो. अतींद्रिय अनुभव म्हणजे इंद्रियांचा भडिमार नव्हे, इंद्रियांना न कळणारं काहीतरी. सगळ्यांत सोपं उदाहरण अतिनील किरणांचं. ते गडद निळे नसतात. वर्णपटाच्या जांभळ्या टोकापलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे असतात. ‘अतिवास्तव’ या दुसऱ्या कुळातला. बोलण्यात मात्र ‘अति’ म्हटलं की आपल्याला पहिलंच कूळ आठवतं. ‘अति झालं’ म्हणताना पलीकडचं काही कुणाच्या मनात नसतं. त्यात हल्ली ‘अति सुंदर’, ‘अति महत्त्वाचे’ असं तोडून लिहायची सवय लागली आहे. तुम्हीही ‘अति वास्तव’ असं तोडलं असेल, तर मैत्रिणीचा अर्थच बरोबर ठरेल. जोडून लिहा.

‘सररिअल’ ज्यावरून आला त्या मूळ फ्रेंच शब्दातही असाच एक उपसर्ग आहे, ‘स्युर’, म्हणजे ‘वर’. हा शब्द घडवला कवी गियोम अपोलिनेर याने, १९१७ मध्ये. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्याच्याकडेच आहे. आधी तो ‘निसर्गापलीकडचं’ अशा अर्थाचा शब्द वापरत होता. तो सोडून त्याने ‘वास्तवापलीकडचं’ हा निवडला. भुतंखेतं, चमत्कार, देवदूत यांच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. त्याचा दाखला मला फार आवडतो : माणसाला चालण्याची नक्कल करायची होती, तेव्हा त्याने चाक बनवलं, आणि चाक पायासारखं दिसत नाही. म्हणजे वास्तवापासून पळ काढलेला नाही, त्याचं काम उचललं आहे आणि रूप टाकून दिलं आहे. पुढे या शब्दाच्या नावाने पॅरिसमध्ये एक चळवळ उभी राहिली. तिचा पुढारी आंद्रे ब्रताँ याने १९२४ च्या जाहीरनाम्यात स्वप्न आणि जाग एकमेकांत विरघळून एक निखळ वास्तव तयार होईल, अशी आशा मांडली. त्या अर्थाने तुमची मैत्रीण चुकूनही थोडी बरोबर आहे, पण हे तिला लगेच सांगू नका.

आता ‘अद्भुत’. माझं उत्तर नाही असं आहे, आणि कारण आपल्याच रसशास्त्रात आहे. अद्भुत रसाचा स्थायीभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेली भावना, विस्मय. कुणीतरी थक्क व्हावं लागतं, तोंडात बोट जावं लागतं. तुमच्या कथेतली आजी थक्क होत नाही, तिला गुडघ्यांची पडली आहे. या जातीच्या कथांचं मर्म तिथेच असतं : घडतं ते अशक्य, आणि ज्यांच्या बाबतीत घडतं त्यांना त्याचं काही वाटत नाही. विस्मय सगळा वाचकावर येऊन पडतो. बोलीतला ‘आक्रीत’ हा झकास शब्दही याच कारणाने बाद. ‘काय आक्रीत घडलं!’ म्हणताना आवाज चढतो, इथे तो चढता कामा नये.

बाकीचे शब्द भराभर उरकतो. ‘असंगत’ हा नाटकाच्या चर्चेत ‘ॲब्सर्ड’साठी रुळला आहे, त्याचा रोख जगण्याला अर्थ नसण्यावर असतो. ‘जादुई वास्तववाद’ वेगळा : तिथे जग भरभक्कम ओळखीचं असतं आणि त्यात एखादी अचाट गोष्ट सहज नांदते. सीमा पुसट आहे, तुमचा जिना कुणी तिकडेही ढकलेल. ‘रूपककथा’ म्हटलं तर पायरी म्हणजे नेमकं काय, याचं उत्तर द्यावं लागेल. बंगालीत ‘परावास्तव’ म्हणतात. तो मला देखणा वाटतो, पण मराठी समीक्षेत ‘अतिवास्तव’ रुळलेला असताना आणखी एक नाणं कशाला पाडायचं?

एक सावधगिरी मात्र बाळगा. ‘अतिवास्तववादी’ असं लिहू नका. ‘वादी’ लागला की पॅरिसची ती चळवळ, तिचे जाहीरनामे, भानावर ताबा न ठेवता सुचेल ते लिहीत जाण्याचा तिचा प्रयोग, सगळं मागोमाग येतं. किडा होऊन जागा झालेल्या माणसाची काफ्काची कथा १९१५ ची आहे, म्हणजे मूळ फ्रेंच शब्दाहूनही आधीची. तिला अतिवास्तव म्हणता येईल, वादी कसं म्हणणार?

इंग्रजीत ‘सररिअल’ इतका सैल झाला आहे की कुठल्याही धक्क्याला लावतात. २०१६ मध्ये मेरियम-वेबस्टर कोशाने तो वर्षाचा शब्द म्हणून निवडला होता. त्या सैल अर्थासाठी मराठीत शब्द शोधूच नये. ‘खरंच वाटेना’, ‘स्वप्नात असल्यासारखं झालं’ एवढं पुरतं.

तुमचं वाक्य मी असं लिहीन : ‘या कथा अतिवास्तव आहेत; त्यांत अशक्य ते घडतं आणि कुणी दचकत नाही.’ पुढचं अर्धं वाक्य असलं की मैत्रिणीला शंका उरणार नाही. आणि लिखाण वाढवायचं असेल तर लेखकाने ‘आपला’ कसा वापरला आहे ते बघा. ‘माझा’ या अर्थाचा नव्हे, दुसरा. स्वप्न सांगताना आपण म्हणतो ना, ‘मी आपली जिन्यावर उभी आहे, आणि बघते तर खाली पायऱ्याच नाहीत.’ वर्तमानकाळ, आणि त्यात हा बिनघोर ‘आपली’. तो काढून वाक्य पुन्हा वाचून बघा, लगेच भीती शिरते.