ब्लो-अप खरा आहे, आलेखाचं शेपूट खोटं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन मितींतलं फोकसिंग घन अरैखिक श्रोडिंजर समीकरण, सुरुवातीला २.५ उंचीचा गाउसियन (२.५ गुणिले 'ई'चा −आर²/२ घात), चौकट −१० ते १०, ग्रिड ५१२ × ५१२, टाइम-स्टेप ०.००१, पद्धत स्प्लिट-स्टेप (प्रत्येक पावलात रैखिक आणि अरैखिक भाग आळीपाळीने सोडवणारी). वेळ ०.४ ते ०.५च्या दरम्यान शिखर ३०च्या वर जातं, मग कोसळतं आणि चौकटभर नुसती खरखर उरते. वस्तुमान, म्हणजे |यू|²चं संकलन, मात्र बाराव्या अंकापर्यंत जागचं हलत नाही. तर ब्लो-अप (उकलीचं शिखर मर्यादित वेळात अनंताला जाणं) खरा, की कोडमध्ये चूक?

ब्लो-अप खरा. शिखर कोसळणं आणि नंतरची खरखर खोटी. आणि वस्तुमानाच्या बारा अंकांवरून यातलं काहीच ठरत नाही. स्प्लिट-स्टेपमधल्या दोन्ही पायऱ्या, फूरिए बाजूला ई^(−आय के² डीटी)ने गुणणं (के म्हणजे तरंगसंख्या, डीटी म्हणजे टाइम-स्टेप) आणि अवकाशात ई^(आय |यू|² डीटी)ने गुणणं, फक्त कला (फेज) बदलतात, मापांक नाही. त्यामुळे टाइम-स्टेप दहापट मोठा घेतलात तरी वस्तुमान टिकेल, उत्तर साफ चुकलेलं असेल तरीही टिकेल. ते बिघडलं तर एफएफटीच्या (जलद फूरिए रूपांतराच्या) गुणकात गडबड आहे एवढंच कळतं. लक्ष ठेवायचं ते ऊर्जेवर.

आधी कागदावरचं गणित, कारण ब्लो-अपचा निकाल तिथेच लागतो. मी समीकरण 'आय यू-टी + लाप्लासियन यू + |यू|²यू = ०' असं धरतो. ऊर्जा = ½∫|ग्रेडियंट यू|² − ¼∫|यू|⁴. उंची 'ए' असलेल्या तुमच्या गाउसियनसाठी ही संकलनं हातानं सुटतात: वस्तुमान पाय·ए², ऊर्जा (पाय·ए²/२)(१ − ए²/४). ए = २.५ घातलं की वस्तुमान १९.६३. ऊर्जेचा पहिला भाग ९.८२, दुसरा १५.३४, म्हणून ऊर्जा −५.५२. ऋण.

आता 'पसारा' मोजा, म्हणजे |एक्स|²|यू|²चं संकलन. दोन मितींत घन पदासाठी पसाऱ्याचं दुसरं अवकलज बरोबर १६ × ऊर्जा इतकं येतं. तुमची सुरुवातीची स्थिती वास्तव आहे, म्हणून पहिलं अवकलज शून्य. म्हणजे पसारा = पाय·ए² + ८ × ऊर्जा × टी². ऊर्जा ऋण असल्यामुळे हा पॅराबोला १/√(ए²−४) या वेळी शून्याला टेकतो. पसारा ऋण होऊ शकत नाही, तेव्हा उकल त्याआधीच संपायला हवी. तुमच्यासाठी ही मर्यादा १/√२.२५, म्हणजे ०.६६७. ही वरची मर्यादा आहे, ब्लो-अपची वेळ नव्हे. प्रत्यक्षात मधला गाभा आधीच फुटतो, तेव्हा बाहेर सांडलेल्या भागामुळे पसारा अजून धन असतो. त्यामुळे तुम्हाला ०.४ ते ०.५ दिसतंय ते विसंगत नाही. हा युक्तिवाद व्लासोव्ह, पेत्रिश्चेव्ह, तलानोव्ह यांचा १९७१चा आणि ग्लासीचा १९७७चा. अर्ध्या पानाचा आहे, पण कोड चालवायच्या आधी करावा.

दुसऱ्या बाजूची मर्यादा वाइनस्टाइनने १९८३ साली दिली: वस्तुमान ग्राउंड स्टेट 'क्यू'च्या वस्तुमानापेक्षा, म्हणजे ११.७०पेक्षा कमी असेल तर उकल कायम टिकते. (क्यू म्हणजे 'लाप्लासियन क्यू − क्यू + क्यू³ = ०'ची धन, त्रिज्य उकल; मध्यबिंदूला उंची २.२०६.) तुमच्या गाउसियनसाठी याचा अर्थ ए १.९३०च्या खाली असेल तर निर्धास्त, २च्या वर असेल तर ब्लो-अप नक्की. मधली पट्टी चिंचोळी आहे आणि तिथे हे दोन्ही निकष गप्प बसतात. संगणकावर गाउसियनचा उंबरठा ११.७०च्या साधारण दोन टक्के वर मिळतो, म्हणजे ए सुमारे १.९५. वर्ग-अभ्यासासाठी ए = १.९७ घेऊ नका. तिथे ब्लो-अप इतका रेंगाळतो की चौकटीच्या कडेवरून परतलेल्या लाटा आधी येऊन निकाल बिघडवतात.

इथे एक नेहमीची ठेच. भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत लाप्लासियनच्या आधी ½ असतो. तसं लिहिलंत तर उंबरठा ११.७० नाही, ५.८५ होतो. आणि वर दिलेल्या दोन घातांकांची चिन्हं एकमेकांच्या उलट हवीत. दोन्ही सारखी झाली तर तुम्ही नकळत डिफोकसिंग समीकरण सोडवत असता, आणि तिथे ब्लो-अप होतच नाही. 'माझा गाउसियन नुसता पसरतो' अशा तक्रारींमागे बहुतेक वेळा हेच निघतं.

आता ग्रिडकडे. तुमचा डीएक्स (शेजारच्या बिंदूंमधलं अंतर) ०.०३९. ब्लो-अपच्या जवळ मधला गाभा आक्रसलेल्या क्यूसारखा दिसतो: उंची २.२०६ × लॅम्डा, रुंदी १/लॅम्डा (लॅम्डा म्हणजे किती पट आक्रसलं ते). शिखर ३० म्हणजे लॅम्डा १३.६, रुंदी ०.०७४. त्या रुंदीत तुमच्या ग्रिडचे दोन बिंदूसुद्धा मावत नाहीत. शिखर १०ला असताना रुंदी ०.२२, म्हणजे पाच-सहा बिंदू. तिथवर विश्वास ठेवायला हरकत नाही. त्यापुढचं चित्र समीकरणाचं नाही, ग्रिडचं आहे.

ग्रिडवर खरा ब्लो-अप होणारच नाही हेही लक्षात असू द्या. वस्तुमान टिकतं, म्हणून सगळं एकाच बिंदूत कोंबलं तरी शिखर √१९.६३/०.०३९, म्हणजे ११३च्या वर जाऊ शकत नाही. शिखर कुठेतरी थांबून खाली येणं हे तिथे ठरलेलंच. ते पाहून 'ब्लो-अपनंतर उकल सावरते' असा निष्कर्ष काढलेले आलेख मी पुष्कळ पाहिले आहेत.

टाइम-स्टेपमध्ये तर दोन भानगडी आहेत. पहिली: के² × डीटी पायच्या वर गेलं की स्प्लिट-स्टेप स्वतःच अस्थिरता तयार करते; समीकरणात नसलेले तरंग वाढू लागतात. एका मितीत वाइडमन आणि हर्ब्स्ट यांनी १९८६ साली यावरून डीटी < डीएक्स²/पाय ही अट काढली. दोन मितींत कोपऱ्यातला के² दुप्पट, म्हणून डीटी < डीएक्स²/(२ पाय). तुमच्या ग्रिडसाठी ०.०००२४. तुमचा स्टेप त्याच्या चौपट आहे, आणि खरखरीत मोठा वाटा याचा असणार. दुसरी: शिखर ३०ला असताना |यू|² × डीटी = ०.९ रेडियन. एका पावलात कला इतकी फिरली तर स्ट्रँगच्या (सममित) स्प्लिट-स्टेपचं दुसऱ्या क्रमाचं अचूकपण कागदावरच राहतं. हा गुणाकार ०.०५च्या खाली ठेवा, म्हणजे शिखर वाढेल तसा डीटी कमी करत न्या.

थांबायचं कधी हे दोन गोष्टींवरून ठरवा. एक, फूरिए वर्णपटाची शेपटी: सगळ्यात मोठ्या के जवळचे गुणक सगळ्यात मोठ्या गुणकाच्या एक कोटीव्या भागाच्या वर आले की तिथेच थांबा. दोन, ऊर्जा. पण तिच्याकडे बघण्यात एक मेख आहे. शिखर ३०ला असताना ऊर्जेचे दोन भाग प्रत्येकी सुमारे हजार असतात आणि त्यांची वजाबाकी −५.५२ यायला हवी. म्हणून ऊर्जा अर्ध्या एककाने सरकली तर टक्केवारी भयंकर दिसते, पण त्या हजाराच्या मानाने ती चूक दोन हजारात एक भाग एवढीच. ऊर्जेचा फरक निरपेक्ष आकड्यातच मांडा. ती शून्य ओलांडून धन झाली तर मात्र पुढचं सगळं फेकून द्या, कारण ब्लो-अपचा पुरावाच तिच्या ऋण असण्यावर उभा आहे.

ग्रिड दुप्पट केलंत तर बिंदू चौपट, डीटीची अट चौपट कडक, म्हणजे काम सोळापट. आणि मिळतं काय, तर फक्त दुप्पट शिखर. म्हणून १०च्या पुढे जायचं असेल तर जोर लावू नका. स्थिती त्रिज्य आहे, तेव्हा फक्त 'आर' ठेवा आणि लॅम्डासोबत आक्रसणारे निर्देशक वापरा. मॅक्लॉक्लिन, पापानिकोलाऊ आणि कॅथरीन व पिएर-लुई सुलेम यांची १९८६ची ही पद्धत शिखर कित्येक दहापटींनी पुढे नेते. तिथेही वेग मोजताना जपून: सिद्ध झालेला नियम (मर्ल आणि राफाएल, वस्तुमान ११.७०च्या किंचित वर असताना) १/√(टी-ब्लो − टी) याला लॉग-लॉगची (लॉगरिदमच्या लॉगरिदमची) दुरुस्ती लावतो. ती दुरुस्ती आलेखावर डोळ्यांना दिसत नाही. दोन्ही अक्षांवर लॉग घेतलेल्या कागदावर उतार −½ आला म्हणजे 'लॉग-लॉग नियम पडताळला' असं लिहू नका.

कोड बरोबर आहे का हे तपासायची माझी आवडती चाचणी वेगळी आहे. सुरुवातीच्या स्थितीला ई^(आय·बी·आर²/४) या भिंगाने गुणा. घन पद आणि दोन मिती या जोडीत छद्म-अनुरूप (स्यूडोकॉन्फॉर्मल) सममिती आहे, त्यामुळे नव्या उकलीची ब्लो-अप वेळ अचूक सांगता येते: नवा १/टी = जुना १/टी − बी. बी = −१ घेतलं तर ब्लो-अप आधी येतो, +१ घेतलं तर उशिरा. बी जुन्या १/टीइतका किंवा त्याहून मोठा केला तर येतच नाही, उकल पसरत जाते. समजा तुमची वेळ ०.४४ निघाली, तर बी = +१ला ०.७९ आणि बी = −१ला ०.३१ यायला हवी. वेळ काढताना १/शिखर² काळासोबत आखा, शिखर ५ ते १०च्या टप्प्यातल्या सरळ रेषेने शून्यापर्यंत जा. तिन्ही बीसाठी नाती जुळली नाहीत, तर चूक टाइम-स्टेपमध्ये किंवा चौकटीत आहे. +१च्या वेळी लाट आधी पसरते, तेव्हा चौकट −२० ते २० करा, आणि डीएक्स तोच ठेवायला ग्रिड १०२४ × १०२४ घ्या.

शेवटी तुम्ही विचारलं होतं, तीन मितींत जाऊ का. जा, पण ११.७० तिथे नेऊ नका. तीन मितींत घन समीकरण वस्तुमान-क्रांतिक नाही, नुसतं वस्तुमान बघून काहीच ठरत नाही. होल्मर आणि रुडेन्को यांनी २००८ साली दिलेला निकष वस्तुमान आणि ऊर्जेच्या गुणाकारावर आहे, जोडीला ग्रेडियंटची अट, आणि क्यूसुद्धा तीन मितींतला. भिंगाची सममिती तिथे नाही, तेव्हा वरची चाचणीही चालणार नाही. पसाऱ्याच्या समीकरणातही एक जादा पद येतं.