तरतूद आणि तारीख

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण तुझ्या बेताला लगेच होकार देणे सोपे होते आणि मला तो तसा द्यायचा नव्हता. धडगाव तालुक्यातल्या आपल्या पाड्यावरून पदवीपर्यंत पोहोचलेली तू पहिली. आता पुण्यातल्या मित्रमैत्रिणींना बरोबर घेऊन, मागे राहिलेल्या मुलांना वह्या, दप्तरे आणि फी पुरवण्यासाठी देणग्या गोळा करणारी संस्था काढावी, असे तुझ्या मनात आहे. संस्था काढू नकोस, असे मी म्हणणार नाही. पण आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या लेखा शाखेत माझी नोकरीची सगळी वर्षे गेली, आणि त्या टेबलावरून जे दिसले ते तुला आधी सांगायला हवे.

'आमच्या मुलांसाठी पैसाच नाही' हे वाक्य तुझ्या पत्रात तीनदा आले आहे. ते पुरते खरे नाही. आदिवासींच्या विकासासाठी योजनेतला पैसा वेगळा दाखवणारी आदिवासी उपयोजना पाचव्या पंचवार्षिक योजनेत, १९७४-७५ पासून सुरू झाली. पण पुढे बरीच वर्षे प्रत्येक खाते आपल्याच नेहमीच्या कामांचा काही हिस्सा 'आदिवासींसाठी' म्हणून दाखवी आणि मोकळे होई. द. म. सुकथनकर समितीच्या शिफारशींनंतर महाराष्ट्राने १९९३-९४ पासून वेगळी पद्धत स्वीकारली. राज्याच्या योजनेतील रक्कम आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे नऊ टक्के, आधीच बाजूला काढायची आणि तिचे नियोजन आदिवासी विकास विभागाकडे सोपवायचे, असे ठरले. कागदावर ही पद्धत आजही मला चांगलीच वाटते. तरीही त्यानंतर अठरा वर्षांनी झालेल्या २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२.३ टक्के आणि राज्यातील आदिवासींची ६५.७ टक्के निघाली. त्या उपयोजनेतला सगळा पैसा शिक्षणाचा नसतो, हे त्याचे एक कारण आहे. दुसरे कारण माझ्या शाखेतले आहे, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहितो.

अर्थसंकल्प मार्चमध्ये मंजूर होतो आणि शाळा जूनमध्ये उघडते. मधल्या काळात रकमेचे वितरण, प्रशासकीय मान्यता, निविदा, दरांची छाननी, देयक आणि कोषागार अशा पायऱ्या असतात, आणि प्रत्येक पायरीवर एखादी त्रुटी काढून फाईल परत पाठवण्याची सोय असते. एका वर्षी सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेत स्वेटरांचे गठ्ठे फेब्रुवारी संपता संपता उतरले. पोच लिहून देताना तिथल्या अधीक्षकांनी पंखा लावला होता. आमच्या अहवालात मात्र त्या बाबीवरचा खर्च शंभर टक्के दिसला, आणि तो अहवाल मीच तयार केला होता. त्यात खोटे काहीही नव्हते. थंडी कधी पडली, याचा रकानाच त्यात नव्हता.

पुढे २०१६ च्या अखेरीस आश्रमशाळांतील अनेक वस्तूंऐवजी रक्कम थेट विद्यार्थ्यांच्या खात्यात जमा करण्याचा निर्णय झाला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. ठेकेदार गेला, ही गोष्ट लहान नव्हती. पण बँक तालुक्याच्या गावी, आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीवर, आणि अंगठा जुळला नाही की आणखी एक हेलपाटा. २०१८ मध्ये वसतिगृहांतील खानावळीऐवजीही थेट रक्कम देण्याचे ठरले, तेव्हा विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. त्यांना हट्टी म्हणणारे माझ्याच कार्यालयात बसले होते. भूक रोजची आणि हप्ता महिन्यांचा, हा हिशेब त्यांना कोणी समजावून सांगायला नको होता.

स्वयं योजनेचेही तसेच आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलाला निवास, भोजन आणि निर्वाहासाठी मूळ शासन निर्णयाप्रमाणे मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये मिळतात. रक्कम अगदीच तुटपुंजी नाही. पण खोलीमालक अनामत जुलैत मागतो, आणि हप्ता परीक्षेच्या तोंडावर आला तर तोवर मुलाने सावकाराचे पैसे घेतलेले असतात किंवा गाव गाठलेले असते. मग हजेरीपटावर शेरा पडतो, 'शिक्षणाची गोडी नाही'. इतक्या वर्षांत या शेऱ्याइतका संताप मला दुसऱ्या कशाचा आला नाही.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, किती पैसा मिळाला हे विचारण्याआधी कधी मिळाला हे विचारायला शीक. अर्थसंकल्पात आदिवासी उपयोजनेचा खर्च ७९६ या लघुशीर्षाखाली, म्हणजे हिशेबाच्या त्या क्रमांकाच्या पोटखात्याखाली, येतो. तो आकडा ओळखलास की त्या जाड पुस्तकांची भीती जाईल. माहितीच्या अधिकारात अर्ज करशील तेव्हा एकाच योजनेच्या तीन तारखा माग: प्रकल्प कार्यालयाला रक्कम वितरित झाल्याची, देयक कोषागारात गेल्याची आणि विद्यार्थ्याच्या खात्यात रक्कम जमा झाल्याची. त्या शेजारी शेजारी लिहिल्यास की अडते कुठे ते आपोआप दिसते. रक्कम विचारली तर आम्ही छापील तक्ता जोडून मोकळे होतो. तारीख विचारली की फाईल उघडावी लागते.

दुसरे, तुझा तालुका अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे राज्यघटनेप्रमाणे जाहीर झालेल्या आदिवासी भागात आहे, हे विसरू नकोस. अशा भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, राज्याचे नियम २०१४ चे, आणि २०१५ पासून उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना मिळतो. त्यातून शिक्षणावर खर्च करता येतो. मी पाहिलेल्या गावांत तो बहुधा रस्त्यांच्या फरशीत गेला, कारण सभेत दुसरे काही मागणारे कोणी नव्हते. तू माग. पहिलीत बसलेल्या पावरी बोलणाऱ्या मुलाला मराठी समजावून सांगणारी पाड्यावरचीच एखादी शिकलेली मुलगी मदतनीस म्हणून हवी, एवढा ठराव झाला तरी पुष्कळ आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, म्हणजे मुलाला सवड असेल तेव्हा आणि तिथे शाळाच नेली. गडचिरोली जिल्ह्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने तर २०१९ मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली. मान्यतेसाठी तिला झगडावे लागले, हेही तुला माहीत असू दे.

जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज मुलांकडून अकरावीतच करून घे. त्याविषयी अधिक लिहीत नाही. त्या एका कागदापायी हातची जागा गेलेली मुले तूही पाहिली आहेस.

आता तुझी संस्था. देणग्या गोळा करायच्याच असतील, तर दप्तरे वाटू नकोस, फिरता निधी उभा कर. दहा मुलांना जुलैत प्रत्येकी वीस हजार रुपये म्हणजे दोन लाख होतात. हप्ता आला की मुलाने रक्कम परत करायची, तीच पुढच्या जुलैत दुसऱ्याला द्यायची. व्याज नको, पण वही हवी, आणि तीत दिल्याची, हप्ता आल्याची व परतफेडीची तारीख हवी. काही हप्ते येणारच नाहीत. तेवढी बूड धरून चाल आणि त्या मुलाच्या मागे लागू नकोस. दोन वर्षांनी ती वही घेऊन प्रकल्प अधिकाऱ्यांसमोर बसलीस, तर तुझ्याजवळ त्यांच्या दप्तरात नसलेली माहिती असेल.

माहिती अधिकाराचा पहिला अर्ज लिहून झाला की टपालाने मला पाठव. एका ओळीआड लिही, म्हणजे मला पेन्सिलीने दुरुस्त्या करता येतील. आईला नमस्कार सांग.

तुझा
काका