ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ वाचायला घेतली, पण दहा पानांत अडकले. कशी वाचावी?

बहुतेक जण अडकतात ते शीर्षकातच. पूर्ण शीर्षकात पुढे ‘स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण’ असं येतं, त्यातलं साहस म्हणजे आजचं धाडस नव्हे. जुन्या अर्थानं ते बेछूट, पापभीरुता सोडून केलेलं कृत्य. हा अर्थ धरला नाही तर सगळा निबंध उलटा कळतो. संस्कृतातल्या एका जुन्या श्लोकात बाई म्हणजे ‘संशयांचा भोवरा, साहसांचं नगर, शेकडो कपटांनी भरलेली’ अशी दूषणांची माळच आहे. ताराबाई त्यातलं एकेक दूषण उचलून पुरुषांच्या पदरात घालतात. श्लोक आधी वाचून हाताशी ठेवा, मग त्यांचं विषयांतर वाटणारं बोलणं नेमकं कुठे चाललंय ते दिसतं.

दुसरं, प्रसंग. 1881 मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशी ठोठावली गेली, पुढे ती शिक्षा काळ्या पाण्यावर आली. त्यावरून वर्तमानपत्रांत बायकांवर तोंडसुख घेणं सुरू झालं. 1882 चा हा निबंध त्याचंच उत्तर आहे, म्हणून सूर भांडणाचा.

विरामचिन्हं जुन्या वळणाची, वाक्यं लांब. मनात वाचू नका, मोठ्यानं वाचा. ताराबाई बुलढाण्याच्या, तिकडची बोलती मराठी कानाला लगेच लागते. स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये पुन्हा छापलेली आवृत्ती वाचनालयात मागा. पाठोपाठ जोतीराव फुल्यांचं 1885 चं ‘सत्सार’ चाळा, त्यात ताराबाईंची बाजू घेतलेली आहे.