दुबईत न पाहता पहिला फ्लॅट: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: पुण्यात एका हॉटेलात दुबईच्या बिल्डरांचं प्रदर्शन भरलं होतं. जुमेरा व्हिलेज सर्कलमध्ये बांधकाम सुरू असलेला एक बेडरूमचा फ्लॅट 8 लाख दिरहमला सांगितला. ‘आजच क्रेडिट कार्डावर टोकन भरा, बाकीचे हप्त्यांनी,’ म्हणाले. भरू का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: कार्डावर अजिबात भरू नका. परदेशातली जागा घेणं हा भांडवली व्यवहार आहे आणि त्याला आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्ड चालत नाही. भारतात राहणाऱ्याने हे पैसे रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस (परदेशी पैसे पाठवण्याच्या) योजनेखाली, स्वतःच्या बँकेतून, ए-टू फॉर्म भरून पाठवायचे. फॉर्मवर एस 0005 हा कोड, म्हणजे परदेशातल्या स्थावर मालमत्तेतली गुंतवणूक. सोपं पडतं म्हणून ‘कुटुंबाचा खर्च’ हा कोड टाकणारे सल्लागार भेटतात, त्यांच्यापासून लांब राहा. पुढे प्राप्तिकर खातं किंवा ईडी विचारेल तेव्हा उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे.

मर्यादा माणशी, एप्रिल ते मार्च या वर्षात, 2,50,000 डॉलर. दिरहम डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे, त्यामुळे 8 लाख दिरहम म्हणजे साधारण 2,17,800 डॉलर. एका वर्षाच्या मर्यादेत बसतं, पण त्याच वर्षी तुम्ही मुलाची परदेशातली फी भरली असेल तर तीही याच मर्यादेतून जाते. पती-पत्नींच्या मर्यादा एकत्र करता येतात, मात्र मग दोघांचीही नावं मालक म्हणून लागली पाहिजेत.

शिवाय वर्षाला 10 लाखांच्या वर जितके रुपये पाठवाल त्यावर बँक 20 टक्के टीसीएस (आगाऊ गोळा होणारा प्राप्तिकर) कापते. 1 कोटी पाठवले तर 18 लाख वेगळे तयार ठेवा. रिटर्नमध्ये ते वळते होतात, पण तोवर अडकून राहतात. हप्ता नेमका तेवढ्याने कमी पडल्याचं नेहमी दिसतं.

आता बिल्डरकडे वळू. दुबई लँड डिपार्टमेंटचं (तिथल्या सरकारी जमीन-नोंदणी खात्याचं) ‘दुबई रेस्ट’ अ‍ॅप फोनवर घ्या. त्यात प्रकल्प शोधा: नोंदणी आहे का, काम किती टक्के झालं, एस्क्रो खातं (फक्त त्या प्रकल्पासाठी राखून ठेवलेलं खातं) कोणत्या बँकेत आहे. दलालाचा परवाना क्रमांकही तिथेच तपासता येतो. दुबईच्या 2007 च्या कायदा क्रमांक 8 नुसार बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात ग्राहकांचे पैसे त्या प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यातच जमा व्हायला हवेत. बिल्डरने दिलेल्या पत्रावरचा आयबॅन (आंतरराष्ट्रीय बँक खाते) क्रमांक अंक-अंक जुळवून पाहा आणि खातेदाराच्या ओळीत प्रकल्पाचं नाव आहे का ते वाचा. तिथे नुसतं कंपनीचं, दलालाचं किंवा ‘मार्केटिंग पार्टनर’चं नाव असेल तर एक दिरहमही पाठवू नका. पहिले पैसे भरल्यावर लँड डिपार्टमेंटच्या अंतरिम नोंदवहीत तुमच्या नावाची नोंद, तिथले लोक तिला ‘ओकूद’ म्हणतात, झालीच पाहिजे. बिल्डरची पावती म्हणजे ओकूद नव्हे.

हप्त्यांचं वेळापत्रकही तपासा. ताबा मिळाल्यानंतर दोन-तीन वर्षं चालणारे हप्ते आकर्षक वाटतात, पण फेमा या परकीय चलन कायद्याच्या नजरेत ती परदेशी कंपनीकडून घेतलेली उधारी ठरू शकते. बँकेचं लेखी मत आधी घ्या. हप्ते मध्येच थांबले तर काय होतं, हे प्रदर्शनात कोणी सांगत नाही: काम सुरू असून 60 टक्क्यांच्या खाली असेल, तर लँड डिपार्टमेंटमार्फत नोटीस देऊन बिल्डर करार मोडू शकतो आणि फ्लॅटच्या किमतीच्या 25 टक्क्यांपर्यंत रक्कम ठेवून घेऊ शकतो; 60 टक्क्यांच्या वर 40 टक्क्यांपर्यंत. तुम्ही 30 टक्के भरून थांबलात तर परत येईल ते अगदीच थोडं.

प्रश्न: तयार, भाडेकरू असलेला फ्लॅट पाहिला, म्हणजे दलालाने व्हिडिओ पाठवला. प्रत्यक्ष जाणं जमणार नाही. काय काय तपासू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: पाठवलेला व्हिडिओ सोडून द्या, थेट कॉल करा. इमारतीच्या फाटकापासून सुरुवात, मग लिफ्ट, मजल्यावरचा पॅसेज, दारावरचा क्रमांक, आणि कॉल न तोडता आत. खिडकीतून समोरचा भूखंड मोकळा दिसला तर तिथे काय उभं राहणार ते विचारा, कारण मोकळा व्ह्यू भरवशाचा नसतो. पार्किंगची जागा क्रमांकासह दाखवायला सांगा आणि तो क्रमांक टायटल डीडवर (मालकीच्या दस्तावर) आहे का ते जुळवा. डीडवरचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं, 10.764 ने गुणा आणि जाहिरातीतल्या चौरस फुटांशी ताडून पाहा.

त्यानंतर स्वतःच्या पैशाने स्नॅगिंग कंपनीचा, म्हणजे घरातले दोष शोधून देणाऱ्या कंपनीचा, माणूस पाठवा. दलालाने सुचवलेला नको. त्याच्याकडे ओल मोजण्याचं यंत्र आणि थर्मल कॅमेरा असावा. दुबईत बिघाड बहुतेक एसीच्या पाण्याच्या निचऱ्यात आणि बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगमध्ये निघतात, आणि नवा रंग मारला की व्हिडिओत दोन्ही दिसत नाहीत.

भाडेकरूचा करार ‘इजारी’त, म्हणजे दुबईच्या सरकारी भाडेकरार-नोंदणीत, नोंदलेला आहे का ते पाहा आणि त्याची प्रत घ्या. मालक बदलला तरी करार तुमच्यावर बंधनकारक राहतो. स्वतः राहण्यासाठी किंवा विकण्यासाठी घर रिकामं करून हवं असेल तर नोटरी पब्लिक किंवा रजिस्टर पोस्टाने 12 महिन्यांची नोटीस लागते. भाडंही मनाला येईल तसं वाढवता येत नाही.

व्यवहाराचा क्रम असा: फॉर्म एफवर (खरेदी-विक्रीच्या करारावर) सह्या आणि साधारण 10 टक्क्यांचा अनामत चेक, बिल्डरची एनओसी, मग ट्रस्टी ऑफिसात (लँड डिपार्टमेंटने नेमलेल्या नोंदणी कार्यालयात) हस्तांतरण. तिथे विक्रेत्याच्या नावाचा मॅनेजर्स चेक (बँकेने स्वतः काढलेला, हमीचा चेक) लागतो, आणि दूर बसलेल्यांचं घोडं इथेच अडतं, कारण दुबईत खातं नसतं. अनिवासी खातं उघडायला वेळ लागतो. दुसरा मार्ग म्हणजे परवानाधारक कन्व्हेयन्सिंग फर्मचं (मालमत्ता हस्तांतरणाची कामं करणाऱ्या फर्मचं) क्लायंट खातं. हे ठरल्याशिवाय पैसे निघू देऊ नका, कारण पाठवलेली रक्कम 180 दिवसांत गुंतली नाही तर ती भारतात परत आणावी लागते.

सही तुमच्या वतीने दुसरा करणार असेल तर मुखत्यारपत्राला आधी नोटरी, मग राज्याचा गृह विभाग, परराष्ट्र मंत्रालय, यूएईचा वकिलात-शिक्का, तिकडे त्यांच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का आणि शेवटी मान्यताप्राप्त अरबी भाषांतर लागतं. नुसतं अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणूनचा एकच शिक्का) पुरत नाही. पत्रात फ्लॅटचा क्रमांक आणि कमाल किंमत लिहा. विकण्याचा किंवा पैसे स्वीकारण्याचा अधिकार त्यात मुळीच नको.

प्रश्न: ‘साडेसात टक्के परतावा’ खरा का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: साडेसात म्हणजे खर्चाआधीचा आकडा. उदाहरण म्हणून 8 लाख दिरहमचा, 750 चौरस फुटांचा फ्लॅट आणि वर्षाला 60,000 दिरहम भाडं धरू. खरेदीच्या वेळी लँड डिपार्टमेंटचे 4 टक्के म्हणजे 32,000, दलालीचे 2 टक्के व व्हॅट मिळून 16,800, ट्रस्टी ऑफिसचे 4,200, टायटल डीडचे 580. एकूण घातले 8,53,580, एनओसी वेगळी. आता दरवर्षी: सर्व्हिस चार्ज चौरस फुटाला 15 धरला तर 11,250, व्यवस्थापनाला 3,000, एक महिना रिकामा गेला तर 5,000. उरले 40,750, म्हणजे 4.8 टक्के.

दुबईत या भाड्यावर वैयक्तिक प्राप्तिकर नाही, म्हणून ते करमुक्त आहे असं सांगतात. तुमच्या बाबतीत ते खरं नाही. निवासी भारतीयाचं जगभरचं उत्पन्न इथे करपात्र आहे, आणि तिथे कर भरलाच नसल्याने वजा करायलाही काही नाही. 30 टक्के सरसकट वजावटीनंतर, 30 टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह सुमारे 12,000 दिरहम जातात. हाती 28,700, म्हणजे 3.4 टक्के. किंमत वाढेल या आशेवर घ्यायचं असेल तर तसं उघड ठरवून घ्या. भाड्यासाठी घेतोय असं मनाला समजावू नका.

सर्व्हिस चार्जचा इमारतवार दर लँड डिपार्टमेंट जाहीर करतं, तोच पाहा. चिलरचं, म्हणजे इमारतीच्या सामाईक एसी-यंत्रणेचं, बिल कोण भरतं हेही विचारा: काही इमारतींत घर रिकामं असतानाही थंड पाण्याचा स्थिर आकार मालकावर चढत राहतो.

प्रश्न: रिटर्नमध्ये काही वेगळं दाखवायचं का? मृत्युपत्राचं काय? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: हो. आयटीआर-1 चालत नाही. आयटीआर-2 किंवा 3 मध्ये शेड्युल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरा. त्यात जानेवारी ते डिसेंबरचं वर्ष धरतात. भाडं शून्य असलं तरी फ्लॅट दाखवायचाच. न दाखवल्यास 2015 च्या काळा पैसा कायद्यात 10 लाखांचा दंड आहे, आणि 20 लाखांपर्यंतची जी सूट आली ती स्थावर मालमत्तेला लागू नाही.

मृत्युपत्रासाठी, मुस्लिमेतर मालकांना दुबईतल्या डीआयएफसीच्या (आंतरराष्ट्रीय वित्त केंद्राच्या) विल्स सर्व्हिसमध्ये नोंदणी करता येते. खरेदीबरोबरच ते काम उरका.