चड्डीच्या मागच्या बाजूचा भाव

तुम्ही विचारलंय की ज्या एमएमएकडे (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे बुक्क्या, लाथा, कुस्ती सगळं चालणारी लढत) लोक एकेकाळी तोंड फिरवायचे, त्याला आता बिअर कंपन्या, क्रिप्टो कंपन्या, मोठमोठी चॅनेल एवढा पैसा कशी देतात. लोकांची आवड बदलली की यामागे दुसरं काही आहे?

मी लढणारा माणूस नाही. कोल्हापुरात माझं जर्सी छपाईचं दुकान आहे. फुटबॉलच्या हंगामात पेठांतले संघ येतात, मग गावोगावच्या क्रिकेट स्पर्धा, गणपतीत मंडळांचे टी-शर्ट. त्यामुळे माझं लक्ष खेळाडूच्या आधी कापडावर जातं. कुणाचं नाव छातीवर आहे, कुणाला दंडावर ढकललंय, यावरून पैसा कुठून आला आणि कुणाची किती चालते ते कळतं. यूएफसी, म्हणजे एमएमएच्या लढती भरवणारी सगळ्यांत मोठी अमेरिकन कंपनी, तिच्या लढती मी रविवारी सकाळी बघतो, तिकडे अमेरिकेत शनिवारची रात्र असते. चहा घेत घेत निम्मा वेळ मी चड्ड्याच वाचत असतो.

माझ्या मते आवड फारशी बदललेली नाही. भांडण लागलं की माणूस आजही गाडी बाजूला लावून बघतो. बदललं ते हे की मारामारी सरकारी परवान्यात बसवली गेली, आणि चड्डीवरची जागा विकायचा हक्क लढणाऱ्याकडून मालकाकडे गेला. दुसरी गोष्ट कुणी फारशी बोलत नाही, म्हणून तीच जास्त सांगणार आहे.

आधी परवान्याचं. 1993 च्या नोव्हेंबरात डेन्व्हरला पहिली यूएफसी झाली, तेव्हा जाहिरातच अशी होती की इथं नियम नाहीत. खरं तर दोन होते: चावायचं नाही आणि डोळ्यात बोटं घालायची नाहीत. वजनाचे गट नव्हते. पहिल्याच लढतीत हवाईचा सुमो पैलवान टेइला तुली खाली पडला आणि नेदरलंड्सच्या जेरार्ड गोर्डोनं त्याच्या तोंडावर लाथ घातली, दात उडाला. आर्ट जिमरसन नावाचा बॉक्सर एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला होता. स्पर्धा जिंकली ती अंगानं किरकोळ असलेल्या ब्राझीलच्या रॉइस ग्रेसीनं. ज्यानं तालमीची माती थोडी जरी अंगाला लावलीय, त्याला याचं नवल वाटणार नाही. खाली पाडून मान धरली की बुक्की मारणारा काय करणार?

पुढं सिनेटर जॉन मॅक्केन यांनी याला 'माणसांची कोंबडझुंज' म्हटलं आणि 1996 मध्ये राज्याराज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहिली. छत्तीस राज्यांत असल्या लढतींवर बंदी आली, केबलवाल्यांनी प्रक्षेपण बंद केलं. अशा धंद्याला कोण प्रायोजक मिळणार? आमच्याकडेही स्पर्धेला पोलिसांची परवानगी नसेल तर पतसंस्था साधा बॅनर देत नाही. मारामारीचं त्यांना काही वाटत नाही, पेपरात नाव आलं तर वाटतं.

मग न्यू जर्सीत नियम ठरले. वजनाचे गट, पाच मिनिटांच्या फेऱ्या, ग्लोव्ह, काय केलं तर फाऊल याची लांबलचक यादी. आता सगळीकडे असं सांगितलं जातं की लास व्हेगासच्या कॅसिनोवाल्या फर्टिटा बंधूंनी आणि त्यांनी अध्यक्ष केलेल्या डेना व्हाइटनं यूएफसी विकत घेऊन तिला शिस्त लावली. पण नव्या नियमांखालची पहिली यूएफसी अटलांटिक सिटीत नोव्हेंबर 2000 मध्येच झाली होती. फर्टिटांनी कंपनी घेतली जानेवारी 2001 मध्ये, वीस लाख डॉलरला. त्यांचं खरं काम पुढचं. काही वर्षं तोटाच तोटा सोसून, 2005 मध्ये त्यांनी पदरचे एक कोटी डॉलर घालून टीव्हीवर रिअ‍ॅलिटी शो आणला. होतकरू लढवय्ये एका घरात कोंडायचे आणि त्यांच्यात लढती लावायच्या. 9 एप्रिल 2005 ला त्याची अंतिम फेरी झाली. फॉरेस्ट ग्रिफिन आणि स्टीफन बॉनर पंधरा मिनिटं एकमेकांना असे काही ठोकत राहिले की चॅनेलच्या लोकांनी पुढच्या हंगामाचा करार त्याच रात्री इमारतीबाहेरच्या बोळात ठरवला. 2008 मध्ये प्रायोजक म्हणून बड लाइट बिअर आली, त्याच सुमारास हार्ले-डेव्हिडसन.

आता चड्डी. त्या काळात यूएफसीत लढणारा माणूस प्रायोजक स्वतः आणायचा. त्याचा मॅनेजर दहा ठिकाणी फोन फिरवायचा आणि मिळेल त्याचं नाव चड्डीवर चढायचं. पिंजऱ्यात शिरल्यावर नाव पुकारताना पाठीमागं जो बॅनर धरतात, तोही असाच भरायचा. कंडोम विकणाऱ्या एका दुकानाचं नाव बऱ्याच जणांच्या बरोबर ढुंगणावर असायचं आणि लोक हसायचे. मी नाही हसलो. छपाईवाल्याच्या नजरेनं बघा: एक जण दुसऱ्याच्या छातीवर बसून बुक्क्या घालतोय आणि कॅमेरा मागून आहे. पडद्याच्या मधोमध काय दिसणार? त्या दुकानदारानं सगळ्यांत महागडी जागा स्वस्तात उचलली होती.

2009 पासून यूएफसीनं यात हात घातला. आमच्या माणसाच्या कपड्यावर नाव टाकायचं तर आधी आम्हाला फी भरा, असं सुरू झालं. लहान प्रायोजक तिथंच गळाले. मग डिसेंबर 2014 मध्ये रीबॉकशी करार जाहीर झाला, सहा वर्षांचा, बातम्यांनुसार सात कोटी डॉलरचा. जुलै 2015 पासून सगळ्यांनी रीबॉकचाच गणवेश घालायचा आणि स्वतःचं एकही नाव लावायचं नाही. बदल्यात लढतींच्या संख्येवर दर: पाचपर्यंत लढती झालेल्याला लढतीमागं 2,500 डॉलर, एकवीस किंवा जास्त झालेल्याला 20,000, वजनगटाचा किताब ज्याच्याकडे आहे त्याला 40,000. ज्यांना आधी एकेका लढतीला चड्डीवरून याच्या कितीतरी पट मिळत होते, त्यांनी आरडाओरडा केला. जखमा बांधणारा जेकब 'स्टिच' ड्युरान तर जुना माणूस, सगळ्यांच्या ओळखीचा. जखमा बांधणाऱ्यांच्या अंगावरचे प्रायोजकही गेले आणि त्यांना या करारातून काहीच मिळालं नाही, असं तो मुलाखतीत बोलला. त्याला काढून टाकलं.

एक अवांतर, माझ्या धंद्यातलं. रीबॉकनं नव्या जर्सी विक्रीला मांडल्या तेव्हा गिल्बर्ट मेलेंडेझचं नाव छापलं होतं 'गिब्लर्ट'. सात कोटी डॉलरचा करार आणि प्रूफ वाचायला एक माणूस नाही! आमच्याकडे एका मंडळाच्या टी-शर्टवर नुसती वेलांटी चुकली होती, तर रात्री अकराला पंधरा पोरं दुकानासमोर उभी राहिली होती.

तर, चड्ड्या अशा एकसारख्या झाल्या आणि मोठ्या कंपन्यांची अडचण संपली. मोठ्या ब्रँडला शेजार महत्त्वाचा असतो. कंडोमच्या दुकानाशेजारी, कुठल्याशा बेटिंग साइटखाली आपलं नाव त्यांना नको असतं. आता विकणारा एकच मालक आणि जागा मोजलेल्या: तीस फुटांच्या अष्टकोनी पिंजऱ्याची जमीन, खांबांची गादी, ग्लोव्ह. 2016 मध्ये फर्टिटांनी कंपनी सुमारे 400 कोटी डॉलरला विकली. वीस लाखांवरून! त्याच वर्षी न्यूयॉर्कनं बंदी उठवली आणि नोव्हेंबरात मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये यूएफसीचा सगळ्यांत मोठा तारा कॉनर मॅकग्रेगर लढला. 2019 पासून प्रक्षेपणासाठी ईएसपीएन चॅनेल, पाच वर्षांचे 150 कोटी डॉलर. कोरोनात सगळे खेळ बंद असताना मे 2020 मध्ये यांनी फ्लोरिडात रिकाम्या स्टेडियममध्ये लढती लावल्या. घरात अडकलेला माणूस दुसरं काय बघणार होता? 2021 मध्ये क्रिप्टो चलनाची कंपनी क्रिप्टो डॉट कॉम प्रायोजक, दहा वर्षांचे साडेसतरा कोटी डॉलर. 2026 पासून प्रक्षेपण पॅरामाउंटकडे, सात वर्षांचे 770 कोटी डॉलर.

यात बड लाइटचं परत येणं मला सगळ्यांत बोलकं वाटतं. 2023 मध्ये अमेरिकेत एका जाहिरातीवरून त्या बिअरवर बहिष्कार पडला, खप कोसळला. रुसलेलं गिऱ्हाईक बहुतेक पुरुष, तरुण ते मध्यमवयीन. ते शनिवारी रात्री कुठं बसलेलं असतं? यूएफसीसमोर. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात करार झाला, बातम्यांप्रमाणे सहा वर्षांचा, दहा कोटी डॉलरच्या वरचा. म्हणजे जो खेळ बदनाम म्हणून कंपन्या टाळत होत्या, त्याच्याच दारात एक कंपनी स्वतःचं नाव धुवायला आली.

लढणाऱ्याला यातलं काय मिळतं? लढवय्यांच्या दाव्यात कोर्टात बाहेर आलेल्या हिशेबांप्रमाणे, दाव्यातल्या वर्षांत यूएफसीच्या उत्पन्नाचा साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहून कमी. अमेरिकेतल्या बास्केटबॉलपटूंना जवळपास निम्मा जातो, त्यांची संघटना आहे. यूएफसीतल्या माजी लढवय्यांनी 2014 मध्ये दावा लावला, तो साडेसदतीस कोटी डॉलरवर मिटायला 2025 उजाडलं.

मला यावर राहून राहून आमचं कुस्तीचं मैदान आठवतं. पैलवानाच्या लंगोटाला जाहिरातीला जागाच नाही, म्हणून नाव लाऊडस्पीकरवर. हलगी थांबते, निवेदक ओरडतो की अमुक दूध संस्थेच्या चेअरमनकडून पाच हजार, तमुक सराफांकडून दोन हजार, आणि नोटा तिथंच पैलवानाच्या हातात. पद्धत ओबडधोबड आहे, कमिटीचं राजकारण आहे, हिशेब कुणी लिहीत नाही. ती आदर्श आहे असं अजिबात म्हणत नाही. पाय मोडला तर त्याच पैलवानाला कुणी विचारत नाही. पण देणारा कोण आणि घेणारा कोण हे मैदानातल्या पोराटोरांनाही दिसतं.

भारतातलं थोडक्यात. 2012 मध्ये मुंबईत संजय दत्त आणि राज कुंद्रा यांनी सुपर फाइट लीग काढली, तारे-तारका आल्या, पण खेळ काही रुजला नाही. आपल्याकडचा भारत खंडारे 2017 मध्ये शांघायला यूएफसीत उतरला आणि हरला. पूजा तोमरनं जून 2024 मध्ये लुइव्हिलला लढत जिंकली, यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय बाई. मोठ्या कंपन्या अजून इकडे लांबूनच बघताहेत, क्रिकेटमधून उरलं तर.

आणि आमच्या दुकानातलं. गेल्या वर्षी एक पोरगा आला, कुस्ती सोडून एमएमए शिकणारा. बाहेरगावी हौशी स्पर्धा होती. चड्डीवर पाच नावं हवी होती: प्रोटीनचं दुकान, मित्राचं गॅरेज, एक चहावाला, मोबाइलवाला आणि तो जेवायचा ती खानावळ. "काका, खानावळ मागं टाका, त्यांनी सगळ्यांत जास्त दिलेत, दोन हजार," म्हणाला. जागेचा भाव त्याला आपोआप कळला होता. सोमवारी चड्डी तशीच घडी घातलेली परत घेऊन आला. वजनाच्या वेळी आयोजकांनी सांगितलं होतं की आमच्या प्रायोजकाशिवाय कुठलंच नाव चालणार नाही. साधी काळी चड्डी उसनी घेऊन लढला, दुसऱ्या फेरीत हरला. चौघांनी पैसे परत मागितले. खानावळवाल्या मावशी म्हणाल्या, राहू देत, पुढच्या महिन्याच्या डब्यात वळते करते. छपाईचे आठशे मी अजून मागितलेले नाहीत.