अजगराने गिळलेलं करडू का ओकलं?

तुम्ही टाकलेला व्हिडिओ दोनदा पाहिला. काजूच्या बागेत अजगराने करडू गिळलं, वाडीतली तीस-चाळीस माणसं जमली, दोघातिघांनी काठीने ढोसलं, आणि थोड्या वेळाने त्याने ते अख्खं करडू बाहेर टाकलं. तुमचे प्रश्न असे: का ओकलं, आधी पोहोचलो असतो तर करडू वाचलं असतं का, तो अंगावर आला असता का, आणि आता परत येईल का. खाली कुणीतरी 'करडू पचेना म्हणून टाकलं' असं लिहिलंय, त्यापासूनच सुरुवात करतो.

पचेना म्हणून नाही. त्याने ओकलं ते तुमच्यामुळे. भरल्या पोटाचा अजगर म्हणजे जवळजवळ जखडलेलं जनावर. पोटाचा भाग ताणलेला, त्या जागी अंग वळत नाही, वजन अचानक वाढलेलं. एरवीही तो काही पळणारा साप नाही. धामणीसारखा सुळकन जाणं त्याला जमत नाही. चहूबाजूंनी माणसं, कुत्री भुंकतायत, अंगाला काठी लागतेय. अशा वेळी निसटायचं असेल तर ओझं टाकून हलकं होणं हा एकच उपाय त्याच्या हातात असतो. (हात नाहीत, पण समजून घ्या.) व्हिडिओच्या शेवटी बघा, करडू बाहेर पडल्यावर तो लगेच बांधाच्या दगडांकडे सरकायला लागला. त्याआधी जागचा हलला नव्हता.

हे त्याला फार महाग पडतं. मोठा घास गिळल्यावर अजगराचं सगळं शरीर पचनाला जुंपलेलं असतं. यावरचे बरेचसे प्रयोग बर्मी अजगरावर झालेत. तो वेगळी जात म्हणून मानला जाऊ लागला २००९ पासून, तोवर आपल्या अजगराचीच उपजात धरायचे, म्हणजे सख्खा भाऊच. उपाशी असताना त्याचं आतडं, यकृत, सगळं आक्रसलेलं असतं आणि जठरात आम्ल जवळपास नसतंच. घास आत गेला की दिवसभरात जठर कडक आम्लाने भरतं, एक-दोन दिवसांत आतड्याचं वजन दुपटीच्या आसपास जातं, हृदयसुद्धा ४८ तासांत सुमारे ४० टक्क्यांनी मोठं झाल्याचं २००५ साली मोजलं गेलं. खूप मोठा घास असेल तर शरीराची ऊर्जेची उलाढाल उपाशीपोटीच्या ४० पटींपर्यंत चढते. हा सगळा खर्च अजगर आधी उधारीवर करतो आणि मग भक्ष्यातून वसूल करतो. मध्येच ओकायला लावलं की खर्च अंगावर पडतो आणि वसुली शून्य. शिवाय आम्ल उलट्या दिशेने अन्ननलिकेतून येतं, तिथे इजा होते. करडाएवढी शिकार त्याला परत कधी मिळेल, काही भरवसा नाही.

माणसांनी छेडलं नाही तरी अजगर ओकतो, पण त्याचं कारण बहुतेक वेळा थंडी असतं. अंग पुरेसं तापलं नाही तर पचन मंदावतं आणि मांस पोटातच सडायला लागतं. ते ठेवण्यापेक्षा टाकलेलं बरं. कोकणात याची उदाहरणं कमी, घाटावर डिसेंबर-जानेवारीत जास्त ऐकू येतात. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात अजगर हिवाळ्यात साळिंदरांच्या बिळांत राहतात आणि दुपारी तोंडाशी ऊन खायला येतात, तेही या उबेसाठीच.

आता करडू वाचलं असतं का? नाही. गिळताना दिसलं याचा अर्थ ते आधीच मेलेलं होतं. अजगर जिवंत भक्ष्य सहसा गिळत नाही, आधी आवळून मारतो. आणि आवळणं म्हणजे हाडं मोडणं नव्हे, गुदमरवणंही नव्हे, निदान मुख्यतः नव्हे. अमेरिकेत स्कॉट बोबॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली बोआ सापांवरचा (हेही अजगरासारखेच आवळून मारणारे) प्रयोग प्रसिद्ध केला. भूल दिलेल्या उंदरांच्या रक्तवाहिन्यांत दाब मोजायच्या नळ्या बसवून त्यांना सापाच्या विळख्यात जाऊ दिलं. सहा सेकंदांत धमन्यांमधला रक्तदाब निम्म्यावर आला. विळख्याने रक्ताभिसरणच थांबतं, मेंदूला रक्त मिळत नाही, हृदयाचे ठोके बिघडतात. श्वास कोंडायला लागणाऱ्या वेळेच्या कितीतरी आधी काम तमाम. करडू उंदरापेक्षा मोठं, त्याला थोडा जास्त वेळ लागत असेल, पण ओरडणं ऐकून घरातून बागेत पोहोचेपर्यंत खेळ संपलेलाच असतो. म्हणून पुढच्या वेळी 'सोडवायला' जाऊ नका. मेलेलं करडू तुमच्याही उपयोगाचं नाही आणि त्याच्याही तोंडचं गेलं.

याच मंडळींचा २०१२ सालचा एक प्रयोग मला त्याहून आवडतो. मेलेल्या उंदरांत त्यांनी ठोके देणारं खोटं हृदय बसवलं. हृदय चालू असेतोवर साप जास्त वेळ आणि जास्त जोराने आवळत राहिले. मध्येच बंद केलं तर लवकर सोडलं. म्हणजे भक्ष्याचे ठोके सापाला अंगाने कळतात आणि तो त्यावर हिशेब करतो. आवळण्यात त्याचीही ताकद जाते, शिवाय स्वतःचं अंग अडकलेलं असतं. मेल्यावर उगाच कशाला आवळत बसेल?

अजगर झाडाला विळखा घालून पोटातल्या भक्ष्याची हाडं मोडतो, असं माझ्या आजोळीही सांगायचे. गरजच नाही, हाडं आम्लात विरघळतात. मागे राहतात ते केस, पिसं, खूर, नखं. लांबून फुंकरीने ओढून घेतो हेही खोटं. तो वाटेवर दबा धरून बसतो, ओठांवरच्या खळग्यांनी भक्ष्याच्या अंगाची ऊब ओळखतो आणि झडप घालतो. जबडा निखळतो असंही बरेच जण म्हणतात. निखळत नाही, खालच्या जबड्याचे दोन भाग पुढे हाडाने जोडलेलेच नसतात, ताणल्या जाणाऱ्या पेशीजालाने जोडलेले असतात. गिळताना श्वास कसा घेतो असं एकाने विचारलंय: श्वासनलिकेचं तोंड जिभेखालून पुढे सरकवून जबड्याच्या कडेला बाहेर काढतो. व्हिडिओ थांबवून बघा, सव्वा मिनिटाच्या आसपास खालच्या बाजूला गुलाबी नळी दिसते, तीच.

अंगावर आला असता का? भरल्या पोटी, शक्यता कमी. आपला अजगर मुळात भिडस्त. आधी निपचित पडून राहतो, पाचोळ्यात दिसणार नाही या आशेवर. मग जोराचा फूत्कार. मग वेटोळं करून डोकं मध्ये लपवतो, शेपटीकडून घाण वासाचा द्रव सोडतो. त्यानंतर मान वळवून चावा. हा चावा शिकारीचा नसतो. शिकारीत तो पकडून ठेवतो आणि लगेच विळखा घालतो, बचावात चावून सोडतो. काठीने ढोसणारा तो हिरव्या शर्टातला मुलगा त्याच्या तोंडापासून दोन हातांवर उभा होता. चावला असता तर विष नाही, पण दात आत वळलेले असतात. अशा वेळी हात हिसकला की मांस फाटतं. तो स्वतः सोडेपर्यंत थांबावं. विळखा पडलाच तर शेपटीच्या टोकाकडून उलगडावा, डोक्याकडून नाही. जखम साबणाने धुवायची आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. फक्त एका वेळी मात्र तो खरंच चिडका असतो: मादी अंड्यांवर बसलेली असताना. उन्हाळ्यात ती अंड्यांभोवती वेटोळं घालून जवळपास दोन महिने काही न खाता बसते, स्नायू थरथरवून ऊब देते. अशी दिसली तर त्या बाजूला फिरकूच नका.

माणूस गिळल्याच्या बातम्या इंडोनेशियातल्या आहेत, २०१७ आणि २०१८ साली सुलावेसी भागातल्या. त्या जाळीदार अजगराच्या, तो आकाराने फार मोठा होतो. आपल्याकडे तो निकोबार सोडला तर नाही. त्या बातम्या वाचून काजूच्या बागेतल्या दहा फुटी अजगरावर काठ्या घेऊन धावू नये.

परत येईल का? सूड वगैरे काही नाही, पण येऊ शकतो, कारण तो त्याचा इलाका आहे. 'लांब सोडून या' हा सल्लाही तितकासा उपयोगी नाही. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्समध्ये सहा बर्मी अजगरांना रेडिओ बसवून २१ ते ३६ किलोमीटर दूर सोडलं होतं. पाच जण मूळ जागेच्या पाच किलोमीटरच्या आत परतले. त्यापेक्षा करडं रात्री बंद गोठ्यात ठेवा आणि खुराड्याला बारीक जाळी लावा. खुराड्यात अजगर सापडण्याची गोष्ट नेहमीचीच आहे: फटीतून आत येतो, कोंबडी गिळतो आणि मग त्याच फटीतून बाहेर पडता येत नाही. तेव्हाही ओढू नका. खालची फळी काढून द्या, माणसं हटवा, रात्रीत निघून जातो.

आणि उघड्यावर भरल्या पोटाचा दिसला तर: २५ फुटांवर माणसं थांबवा, कुत्री बांधा, वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. पोतं घेऊन धावणारा सर्पमित्र असेल तर त्यालाही थांबवा, पोत्यात भरला की तो हमखास ओकतो. जागा धोक्याची नसेल तर वनपाल आल्यावरही 'राहू द्या इथेच' हाच निर्णय योग्य असतो, आम्ही बहुतेक वेळा तोच घेतो. भारतीय अजगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला छेडणं हा गुन्हा आहे, आणि तुमचा व्हिडिओ पुरावा आहे. तोंडं दिसतायत, तो काढून टाकलात तर बरं.

ओकलेलं करडू खाऊ नका, कुणी कितीही म्हटलं तरी. पुरून टाका.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर. तुम्ही ओझरतं लिहिलंय की दुसऱ्या दिवशी पाचोळ्यात 'त्याचं पिल्लू' दिसलं आणि मुलं ते डब्यात घालायच्या बेतात आहेत. अजगराचं पिल्लू म्हणून घोणस उचलणारे लोक दरवर्षी दवाखान्यात पोहोचतात. घोणशीच्या पाठीवर कडेला काळी किनार असलेल्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन सरळ साखळ्या असतात, खवले खरखरीत दिसतात, डोकं त्रिकोणी, आणि छेडलं की कुकरच्या शिट्टीसारखा आवाज. अजगराचे ठिपके मोठे, वेडेवाकडे, साखळी नसलेले आणि अंग तुळतुळीत. पावसाच्या तोंडावर दोघांचीही पिल्लं निघतात. घोणशीचं वीतभर पिल्लूही पुरतं विषारी असतं. कुणी हात लावू नका. मोबाईलवर झूम करून लांबूनच फोटो काढा आणि इथे टाका, मी आज रात्री ऑनलाइन आहे.