पॅडलबोर्डवरचा योग: गुडघे दुखतात, पोहता येत नाही, तरी जावं का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय पन्नाशीजवळ, गुडघे अधूनमधून दुखतात, पोहता येत नाही, घरी चटईवर योगासनं नियमित चालू आहेत. गोव्यात शिवोलीला पॅडलबोर्डवर, म्हणजे उभं राहून वल्हवायच्या रुंद तरंगत्या फळीवर, योग शिकवतात म्हणून मैत्रीण मागे लागलीय. तर जावं का, आणि तब्येतीला खरंच उपयोग होतो की सगळं फोटोपुरतं? मी बरीच वर्षं गोव्यातल्या नद्यांवर हा सराव करतोय, शिकवतोही. माझं उत्तर: जरूर जा, पण पाणी आणि वेळ बघून जा. आसनं कोणती, हा प्रश्न त्यानंतरचा.

आधी फायद्याचं. जमीन आपल्या सगळ्या चुका पोटात घालते, बोर्ड घालत नाही. डाव्या पायावर जरा जास्त भार पडला की तो डावीकडे कलतो. घरी वर्षानुवर्षं लक्षात न आलेली सवय इथे पहिल्या काही मिनिटांत कळते. घोट्याभोवतीचे छोटे स्नायू, पोटऱ्या, कंबर, पोटाचे आतले स्नायू हे सगळे सतत बारीक बारीक सावरत राहतात. म्हणूनच नुसतं मार्जारासन आणि सेतुबंधासन करून आलं तरी दुसऱ्या दिवशी बरगड्यांखाली अंग आंबलेलं असतं. शिवाय मन भरकटायला वाव नसतो. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांना झोप सुधारल्याचं जाणवतं, आणि मला तो फायदा लहान वाटत नाही.

पण ‘वजन झपाट्याने उतरतं’ वगैरे जाहिरातींवर जाऊ नका. सावकाश आसनांत तेवढी ऊर्जा खर्च होत नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा 2016 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नवख्या लोकांकडून सहा आठवडे बोर्ड वल्हवून घेतला होता. दमसास वाढला, धडाच्या स्नायूंची ताकद वाढली, तोलाच्या चाचणीत मात्र ठळक फरक दिसला नाही. अभ्यास वल्हवण्याचा होता, आसनांचा नव्हे. तरी त्यातून एवढं घ्यावं की तोल महिन्या-दीड महिन्यात सुधारेल अशी आशा धरू नये. सराव लांब पल्ल्याचा आहे.

आता पाणी. आपल्याकडे पहाटे जमिनीवरून मतलई वारा हळू वाहतो आणि पाणी सपाट असतं. अकरा-बाराच्या सुमारास समुद्रावरून खारा वारा सुटला की नदीवरसुद्धा बारीक लाटा उठतात. त्यामुळे वर्ग सकाळचाच हवा. दुसरं म्हणजे भरती-ओहोटी. शिवोलीची नदी शापोरा, तिच्या मुखाकडे ओहोटीची ओढ जोरदार असते, उधाणाच्या दिवसांत तर फारच. पंचांग बघायची सवय असेल तर कोकणातला जुना हिशेब उपयोगी पडतो: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. एकादशीला अकराचे पाऊण म्हणजे सव्वाआठ. हा हिशेब मुंबईकडचा, गोव्यात भरती त्याच्या थोडी आधी लागते. म्हणजे एकादशीच्या आसपास सकाळी भरती पुरी होते, पाणी काही वेळ थबकतं, आणि अमावस्या-पौर्णिमेचं उधाणही अजून आलेलं नसतं. नवख्यांना मी शक्यतो अशाच दिवसांत बोलावतो. अर्थात हा अंदाज झाला. निघण्यापूर्वी मुरगावचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायचंच.

हंगाम नोव्हेंबर ते मार्च. जून ते सप्टेंबर समुद्राचं नावच नको, आणि पावसाने फुगलेल्या गढूळ नदीतही मी कुणाला उतरवत नाही. पणजीजवळ मांडवीत फेरीबोटी आणि कॅसिनोंच्या बोटींची सारखी ये-जा असते, त्यांच्या लाटांवर आसन टिकत नाही. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, तिकडे कुणी स्वस्तात नेतो म्हणालं तरी जाऊ नका. शिवोलीला पुलाच्या वरच्या अंगाला, किंवा नेरूलच्या खाडीत आतल्या बाजूला पाणी बरं असतं.

गुडघ्यांबद्दल. सुरुवात गुडघ्यांवर बसूनच होते आणि तुम्हाला त्रास होईल तो तिथेच. बोर्डवर मऊ पट्टा असतो, पण तो पुरत नाही. पातळ रबरी चटईचा तुकडा दुमडून गुडघ्यांखाली घ्या, किंवा सरळ मांडी घालून सुरुवात करा. बोर्डच्या मधोमध उचलायची मूठ असते, तो त्याचा तोलबिंदू. बसताना मूठ दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये, उभं राहिल्यावर दोन्ही पावलांच्या मध्ये. उभं राहण्याची घाई करू नका. पहिल्या वर्गात बसून आणि झोपून केलेली आसनं पुष्कळ झाली.

उभ्या राहिलात की पायांच्या बोटांकडे लक्ष द्या. जवळजवळ प्रत्येकाची बोटं बोर्डला धरून ठेवल्यासारखी आवळली जातात, तळव्यात गोळा येतो आणि श्वास अडकतो. बोटं उचलून पसरा आणि पुन्हा टेकवा. गुडघे किंचित वाकलेले ठेवा. ताठ ठेवले तर थरथर थेट कंबरेत चढते. नजर पाण्यावर नको, समोरच्या माडांवर ठेवा. वृक्षासन सगळ्यात शेवटी, महिन्यांनी आलं तरी चालेल.

पडणार हे धरून चाला. पडताना बोर्डपासून बाजूला, अंग पसरून पडायचं. डोकं आधी किंवा ताठ पाय आधी कधीच नको, कारण खडकांवर कालवं असतात आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. पोहता येत नाही म्हणून तुमच्यासाठी दोन अटी: कंबरेएवढं पाणी आणि अंगात पूर्ण लाइफ जॅकेट. कंबरेला बांधायचा फुगणारा पट्टा तुम्हाला चालणार नाही. बोर्डची दोरी घोट्याला बांधतात, पण वाहत्या नदीत ती मासेमारीच्या खुंट्यांत अडकू शकते. तिथे कंबरेला, एका ओढीत सुटणारी दोरी हवी.

चक्कर येत असेल, कानाचं दुखणं असेल, रक्तदाब काबूत नसेल किंवा फिट येत असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालं असेल तरीही.

शिकवणाऱ्याला फोन कराल तेव्हा एवढं विचारा: त्या दिवशी भरती किती वाजता आहे, बोर्ड नांगर टाकून जागी धरलेले असतात का, पाण्यात सोबत दुसरा माणूस असतो का, आणि बोर्ड किती रुंद आहेत. बत्तीस इंचांहून अरुंद असतील तर दुसरीकडे बघा. भरतीची वेळ त्याला न बघता सांगता आली नाही तर हरकत नाही. पण ती बघावी लागते हेच त्याला ठाऊक नसेल, तर पैसे भरू नका. गुडघ्याचा एक्स-रे झाला असेल तर त्यात काय आलंय तेही इथे लिहा, म्हणजे कोणती आसनं टाळायची ते नेमकं सांगता येईल.